श्रीपादराव तांब्यांची खुर्ची

१९२५ च्या ऑक्टोबरात अमरावतीच्या एका वकिलाने नागपुरात एक सरकारी जागा स्वीकारली आणि त्या एका होकारावरून स्वराज्य पक्षात उभी फूट पडली. वकिलाचे नाव श्रीपाद बळवंत तांबे. तोवर ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलाचे अध्यक्ष होते आणि स्वराज्य पक्षाच्याच बळावर त्या खुर्चीवर बसले होते. नवी जागा होती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातल्या होम मेंबरची, म्हणजे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणाऱ्याची. कौन्सिलात शिरून सरकारशी झुंजायचे, पण सरकारने देऊ केलेले पद घ्यायचे नाही, अशी स्वराज्य पक्षाची प्रतिज्ञा होती. पक्षाचे पुढारी पंडित मोतीलाल नेहरू संतापले. पक्षातल्याच तात्यासाहेब केळकर आणि बॅरिस्टर जयकर यांनी मात्र उलट मोतीलालजींनाच जाब विचारला. चार महिन्यांच्या आत अकोल्याला नव्या पक्षाची परिषद भरली.

स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात तांबे येतात ते एवढ्यापुरतेच. एका परिच्छेदात ते पद घेतात, दुसऱ्यात पक्ष फुटतो आणि तिसऱ्यात त्यांचा पत्ता नसतो. हा अन्याय आहे. तांब्यांनी जे केले ते बरोबर होते, असे म्हणणे सोपे नाही. पण ज्या पेचातून त्यांनी ते केले, तो पेच पुढची बारा-पंधरा वर्षे वऱ्हाडातल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीपुढे उभा राहिला, आणि ज्यांनी तांब्यांना दोष दिला त्यांच्याच पक्षाला अखेर त्याच वाटेने जावे लागले.

हा पेच समजून घ्यायचा तर वऱ्हाडची त्या काळची अवस्था आधी लक्षात घ्यावी लागते. वऱ्हाड कायद्याने इंग्रजांचे नव्हतेच. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी कंपनीकडे सोपवला. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, असे पन्नास वर्षे चालले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढच्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडले. १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेला, वाशीमचा बराचसा भाग अकोल्यात विरला. बुलढाणा आणि यवतमाळ हे उरलेले दोन. अमरावती, अकोल्याची माणसे नागपूरच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागली. तरीही कागदावर सार्वभौम सत्ता निजामाचीच राहिली.

या कागदी गोष्टीचा परिणाम मात्र खराखुरा होता. नागपूरला कायदेकौन्सिल आले आणि वऱ्हाडातले मतदार आपले प्रतिनिधी निवडू लागले, तेव्हा एक अडचण निघाली. जो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नाही, त्याचा निवडून आलेला सभासद ब्रिटिश हिंदुस्थानच्या कौन्सिलात बसणार कसा? यावर तोड काढली ती अशी, की वऱ्हाडच्या मतदारांनी माणूस निवडायचा आणि मग सरकारने त्याच माणसाची नेमणूक करायची. नागपूर, वर्धा, जबलपूरचा सभासद निवडून आलेला; अमरावती-अकोल्याचा सभासद निवडून आलेला असूनही दप्तरी नेमलेला. १९१९ च्या सुधारणांनंतरही ही तऱ्हा बदलली नाही. कौन्सिलाने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे; तो तिकडे लावण्याची कारवाई वेगळी करावी लागे. वऱ्हाडी आमदाराच्या पोटात एक कायमचा सल होता तो इथला. लोकांनी निवडून द्यायचे, तरी आपल्या जागेवर शिक्का मात्र सरकारचा.

याच मुलखाने त्याआधी पैसाही पाहिला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला रेल्वेचा फाटा सुरू करायला आला. कापसापाठोपाठ सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने आले, सावकार आले, गहाणखते आणि दिवाणी दावे आले. दाव्यांबरोबर वकील आले. वऱ्हाडचे राजकारण पहिली पन्नास वर्षे वकिलांच्या दिवाणखान्यात घडले ते त्यामुळे.

अमरावतीतला हा वकीलवर्ग मोठ्या ताकदीचा होता. रंगनाथ नरसिंह मुधोळकर धुळ्याकडचे, पण त्यांची कर्मभूमी अमरावती; १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे टिळकांचे सखेसोबती. १८९७ साली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब. तिसरे मोरोपंत विश्वनाथ जोशी, मवाळ, शांत, कायद्याचे पक्के, पुढे सर झालेले. एका शहरातून एका पिढीत एवढी माणसे निघावीत, हे त्या काळच्या पुण्या-मुंबईबाहेर फारसे घडलेले नाही.

श्रीपादराव तांबे या मंडळींच्या पुढच्या पिढीतले. जन्म १८७५ चा. अमरावतीत वकिली केली, नगरपालिकेच्या कारभारात पडले, प्रांतिक काँग्रेसमध्ये काम केले. १९१७ साली ते नागपूरच्या कौन्सिलात आले आणि १९२० पर्यंत तिथे होते. म्हणजे कौन्सिल नावाच्या यंत्राचे चाक आतून कसे फिरते, हे त्यांनी असहकाराच्या आधीच पाहिले होते.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, शेती, सहकार, स्थानिक स्वराज्य, आरोग्य ही सोपीव खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, जमीन महसूल, खजिना ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. मंत्र्याला कौन्सिल घालवू शकत असे. होम मेंबरला नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

टिळकांनी १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये आपली भूमिका मांडली होती: सरकार जितके सहकार्य करील तितके आपण करू. मराठीत तिला प्रतियोगी सहकारिता असे नाव पडले. पुढच्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले आणि डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने गांधीजींच्या असहकारावर शिक्कामोर्तब केले. कौन्सिलांवर बहिष्कार आला. वऱ्हाडातल्या टिळकपक्षीयांना हा घास गिळणे जड गेले. दादासाहेब खापर्ड्यांनी गिळलाच नाही. ते दिल्लीच्या राज्यपरिषदेत जाऊन बसले. मोरोपंत जोशी तर मवाळच. ते मध्यप्रांताचे होम मेंबर झाले. १९२३ च्या उन्हाळ्यात नागपूरला झेंडा सत्याग्रह पेटला, जमनालाल बजाजांसह शेकडो स्वयंसेवक तुरुंगात गेले, तेव्हा प्रांताचे होम मेंबर हे अमरावतीचे मोरोपंतच होते.

याच वर्षाच्या १ जानेवारीला चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला होता. कौन्सिलांत जायचे, पण ती आतून अडवून निकामी करायची. टिळकपंथी वऱ्हाडाला ही वाट मानवली. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकीत देशभर स्वराज्य पक्षाला कमी-अधिक यश आले. निखळ बहुमत मिळाले ते फक्त एका प्रांतात, आणि तो प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड. तांबे या लाटेबरोबर पुन्हा कौन्सिलात आले.

बहुमत हाती आल्यावर स्वराज्य पक्षाने बोलल्याप्रमाणे केले. १९२४ च्या जानेवारीत मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव मंजूर झाला. मार्चमध्ये अंदाजपत्रक फेटाळले गेले. मंत्र्यांचा पगार कापून वर्षाला दोन रुपये केला. दोन रुपये! पगार साफ नाकारला असता तर तो नुसता नकार झाला असता. दोन रुपये ठेवल्याने मंत्रिपदाची किंमत सगळ्या प्रांताला कळली. मंत्री गेले. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खाती आपल्या हातात घेतली. द्विदल राज्यपद्धती एका प्रांतात तरी बंद पाडून दाखवल्याचा आनंद दास आणि मोतीलालजींना झाला, आणि तो साहजिक होता.

पण या विजयाची दुसरी बाजूही होती. शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही जी खाती निदान लोकांच्या माणसाकडे होती, ती पुढच्या निवडणुकीपर्यंत पुन्हा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे गेली. गावात शाळा हवी, बाजाराला रस्ता हवा, कापसाच्या बियाण्याची सोय हवी, तर मागायची कुणाकडे? ज्याला मते दिली तो सभासद म्हणणार, आम्ही तर सगळे बंद पाडले आहे. नागपूरच्या सभागृहात हे वाक्य शोभत होते. दर्यापूर किंवा बाळापूरच्या बाजारात ते सांगणे अवघड होते. कौन्सिलातल्या अडवणुकीला पहिल्या वर्षी जो उत्साह असतो तो दुसऱ्या वर्षी टिकत नाही. मध्यप्रांतातही टिकला नाही.

१९२५ च्या मार्चमध्ये कौन्सिलाला प्रथमच आपला अध्यक्ष निवडण्याचा हक्क मिळाला आणि तांबे निवडून आले. अध्यक्षपद घ्यायला पक्षाची हरकत नव्हती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले, तेही स्वराज्य पक्षाचेच. पुढे मोरोपंत जोशींची होम मेंबरची जागा रिकामी झाली, नवे गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी ती तांब्यांना देऊ केली आणि पक्षाला न विचारता तांब्यांनी ती घेतली. अमरावतीचा एक वकील गेला, अमरावतीचा दुसरा वकील त्या खुर्चीवर आला. पहिला मवाळ होता, त्याच्याकडून कुणाची वेगळी अपेक्षा नव्हती. दुसऱ्याने मात्र दोन वर्षांपूर्वी याच व्यवस्थेविरुद्ध मते मागितली होती.

मोतीलालजींनी नागपूरला पक्षाची बैठक घेतली, तांब्यांचा निषेध झाला. महाराष्ट्रातून तांब्यांची बाजू उचलली जातेय हे पाहून, पक्षाचा रोगट अवयव कापून काढावा लागेल, अशा भाषेत ते बोलले. हा घाव महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना झोंबला. केळकर-जयकरांचा युक्तिवाद असा होता: विठ्ठलभाई सरकारमान्य अध्यक्षपद घेतात, खुद्द मोतीलालजी सरकारने नेमलेल्या, लष्करातल्या हिंदी अधिकाऱ्यांविषयीच्या स्कीन कमिटीवर बसतात, मग तांब्यांनी वेगळे काय केले? फरक असला तर कमी-जास्तीचा.

हा युक्तिवाद हुशारीचा आहे, पण पुरता खरा नाही. अध्यक्ष सभागृहाचा असतो. सभागृह त्याला निवडते. कमिटीचा सभासद सल्ला देतो. होम मेंबर राज्य चालवतो, आणि चालवतो तेही कौन्सिलाला जबाबदार न राहता. ज्या पक्षाने कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांना दोन रुपयांवर आणून घरी पाठवले, त्या पक्षाच्या माणसाने कौन्सिलाला हलवताच येणार नाही अशी खुर्ची घ्यावी, याचे समर्थन होत नाही. तांब्यांनी आधी पक्षाचा राजीनामा दिला असता, मतदारांसमोर आपले म्हणणे मांडले असते आणि मंत्रिपदे स्वीकारण्याच्या बाजूने उघड लढा दिला असता, तर त्यांचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. केळकर-जयकरांचा मुद्दा मंत्रिपदांना पुरेपूर लागू होता. तांब्यांनी घेतलेल्या जागेला तो जेमतेम लागू होतो.

तरीही केळकरांच्या मागे माणसे गेली, कारण प्रश्न केवळ तांब्यांचा राहिला नव्हता. डॉक्टर मुंजे, बापूजी अणे, जयकर, केळकर अशी टिळकांच्या तालमीतली मंडळी स्वराज्य पक्षातून बाहेर पडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला त्यांची परिषद झाली आणि प्रतिसहकार पक्ष आकाराला आला. जिथे शक्य असेल तिथे अधिकारपद घ्यावे आणि त्याचा लोकांसाठी उपयोग करावा, हे त्याचे सूत्र. टिळकांच्या अमृतसरच्या भूमिकेला सहा वर्षांनी मिळालेला पक्ष तो हाच. परिषद पुणे किंवा मुंबईत न भरता अकोल्याला भरली, यावर फारसे कुणी लिहीत नाही. पण ते अगदी स्वाभाविक होते. अडवणुकीची खरी किंमत ज्या प्रदेशाने मोजली, तिथेच तिच्याविरुद्धची पहिली संघटित फळी उभी राहिली.

त्या महिन्यात वऱ्हाडच्या डोक्यावर आणखी एक चिंता होती. निजाम उस्मान अलीने १९२३ पासून वऱ्हाड परत मागायला सुरुवात केली होती. वऱ्हाडला स्वायत्तता देऊ, असे आश्वासनही त्याने त्यात घातले होते. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने ही मागणी धुडकावली. सार्वभौम ब्रिटिश सत्तेपुढे कोणत्याही संस्थानिकाला बरोबरीने वाद घालण्याचा अधिकार नाही, हे बजावणारे ते पत्र पुढे संस्थानांच्या राजकारणात फार गाजले. देशाने त्याकडे संस्थानिकांचा प्रश्न म्हणून पाहिले. वऱ्हाडाने त्याकडे आपल्या घराचा प्रश्न म्हणून पाहिले. नागपूरचे कौन्सिल कितीही लुळे असले तरी तिथे वऱ्हाडचा माणूस उभा राहून बोलू शकत होता. ते कौन्सिल कायमचे बंद पडावे असे म्हणणे वऱ्हाडी प्रतिनिधीला जड का जात होते, याचे एक उत्तर या पत्रव्यवहारात आहे.

१९२६ च्या नोव्हेंबरात निवडणुका झाल्या आणि मध्यप्रांतातले स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले. १९२७ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळ पुन्हा आले. बिलासपूरचे राघवेंद्रराव आणि अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख हे मंत्री झाले. तांबे होम मेंबरच्या जागेवर होतेच. १९२९ साली बटलर रजेवर गेले तेव्हा तांब्यांनी काही काळ मध्यप्रांताचे हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिले. कोणत्याही प्रांताच्या सर्वोच्च खुर्चीवर त्याआधी हिंदी माणसे बोटांवर मोजण्याइतकी बसली होती.

याच वर्षांत अमरावतीत दुसरे काहीतरी घडत होते आणि ते वकिलांच्या दिवाणखान्याबाहेर घडत होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद झाली आणि अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा यासाठी सत्याग्रहाचा प्रश्न तिच्यापुढे आला. या चळवळीत इंग्लंडहून नुकतेच परतलेले एक तरुण बॅरिस्टर पुढे होते. पापळ गावचे शेतकऱ्याचे पोर, एडिंबरोचे एम.ए., वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डचे डॉक्टर झालेले पंजाबराव शामराव देशमुख. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मुधोळकर-खापर्डे-तांबे यांच्या पिढीच्या राजकारणात जी माणसे केवळ पक्षकार म्हणून येत होती, ती आता आपली बाजू आपण मांडायला निघाली होती.

१९३० साल उजाडले. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून इथल्या लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. १० जुलैला बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. चार वर्षांपूर्वी अधिकारपदे घ्यावीत म्हणणारे अणे आता गवत कापून तुरुंगात गेले. ही विसंगती वाटेल, पण टिळकपंथीयांच्या हिशेबात ती बसत होती: सरकार देईल तेव्हा घ्या, नाकारील तेव्हा लढा.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद सुरू झाली. काँग्रेस तिकडे गेली नाही. गेलेल्यांत आंबेडकर होते, जयकर होते, मुंजे होते आणि श्रीपादराव तांबेही होते. १९३२ साली मताधिकाराची फेरतपासणी करण्यासाठी लॉर्ड लोथियनच्या अध्यक्षतेखाली जी समिती आली तिच्यावरही आंबेडकरांबरोबर तांबे सभासद होते. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक कौन्सिलांसाठी मत देऊ शकणारे लोक सुमारे ७० लाख होते. १९३५ च्या कायद्याने ते तीन कोटींच्या वर गेले. तांब्यांच्या आयुष्यातले जे काम सगळ्यात दूरवर पोहोचले ते हेच, असे म्हणायला हरकत नाही, आणि त्याची आठवण सगळ्यात कमी ठेवली गेली. तांबे पहिल्यांदा कौन्सिलात आले तेव्हा मत देणारे मूठभरच होते. लोथियन समितीनंतर कुणबी, माळी, महार, तेली यांच्यातले कितीतरी लोक मतपेटीपर्यंत पोहोचले.

इकडे नागपूरला काँग्रेसच्या बहिष्कारामुळे मोकळ्या झालेल्या १९३० च्या निवडणुकीत पंजाबराव कौन्सिलात आले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे होती. वय बत्तीस. १९२४ साली दोन रुपये किंमत झालेल्या मंत्रिपदातून काय काढता येते, याचा पहिला खरा वस्तुपाठ वऱ्हाडाला त्यांनी दाखवला. जागतिक मंदीने कापसाचा भाव कोसळला होता. सावकाराचे व्याज मात्र चढतच होते. १९३३ साली मध्यप्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. देशातल्या अशा पहिल्या कायद्यांपैकी तो एक, आणि वऱ्हाडात तो पंजाबरावांच्या नावाने ओळखला जातो. धनको आणि ऋणको दोघांना मंडळापुढे बोलवायचे, कर्जाचा खरा आकडा ठरवायचा, तडजोडीने तो खाली आणायचा आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची रीत. १९३२ साली त्यांनी आणलेले हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक देवळांचा पैसा लोकांच्या शिक्षणासारख्या कामाला यावा यासाठी होते; त्यावर सनातनी मंडळींनी मोठे वादळ उठवले. त्याच सुमारास अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

तीनच वर्षांचे मंत्रिपद, तेही सोपीव खात्यांचे, तेही गव्हर्नरच्या नजरेखाली. तरीही या तीन वर्षांच्या कामावर पुढे पंजाबरावांचे, म्हणजे लोकांच्या भाऊसाहेबांचे, सारे सार्वजनिक आयुष्य उभे राहिले. घटना समितीपर्यंत आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाच्या कृषिमंत्रिपदापर्यंत. तांबे आणि भाऊसाहेब, दोघांनीही इंग्रजी राजवटीत पद घेतले. एकाने घेतले ते लोकांना ज्याचा जाब विचारता येत नाही असे, दुसऱ्याने घेतले ते ज्याचा जाब द्यावा लागतो असे. शिवाय दुसऱ्याच्या मागे शेतकऱ्याचे घर होते, गावची विहीर होती, जिल्हा कौन्सिलातला अनुभव होता. तांब्यांच्या मागे कायद्याची पुस्तके होती. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

पण काँग्रेसचे काय झाले? १९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धत प्रांतांतून गेली, १९३७ ची निवडणूक काँग्रेसने जिंकली आणि महिनोन्‌महिने वाद घालून जुलैमध्ये पक्षाने मंत्रिपदे स्वीकारली. नागपूरला डॉक्टर ना. भा. खरे मुख्य झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात वऱ्हाडचे दोघे होते. एक अकोल्याचे पुरुषोत्तम बळवंत गोळे. दुसरे अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. १९२७ साली प्रतिसहकारवादी म्हणून मंत्री झालेले, तेच रामराव. दहा वर्षांपूर्वी ज्या पायवाटेने जाणाऱ्याला पक्षद्रोही म्हटले जाई, ती आता काँग्रेसचा हमरस्ता झाली होती.

ही वाट सरळ नव्हती. वर्षभरात महाकोशलचे, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागाचे, मंत्री आणि खरे यांच्यात बेबनाव झाला. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, गोळे आणि रामराव त्यांच्याबरोबर बाहेर पडले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी राजीनामे द्यायला नकार दिला, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले. काँग्रेसश्रेष्ठींनी खऱ्यांना दोषी ठरवले आणि नेतृत्व शुक्लांकडे गेले. मराठी वऱ्हाड-नागपूर आणि हिंदी महाकोशल यांच्यातली ही चीर पुढे १९४७ च्या अकोला करारात आणि १९५६ च्या प्रांतरचनेत दिसत राहिली. रामराव देशमुखांचे आयुष्य मात्र इथे थांबले नाही. ते पुढे दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे हायकमिशनर झाले आणि तिथल्या हिंदी लोकांविरुद्धच्या कायद्यावरून १९४६ साली सरकारने त्यांना परत बोलावले.

तांब्यांचे हिशेब मांडताना त्यांच्या बाजूला आणि विरुद्ध बाजूला दोन्हीकडे जमा धरावी लागते. पक्षाला न विचारता पद घेणे ही त्यांची चूक होती. लोकांना उत्तर न देणारे पद घेणे ही त्याहून मोठी चूक होती. परंतु अडवणूक संपल्यावर काय, हा प्रश्न त्यांनी सगळ्यांच्या आधी आणि स्वतःच्या नावाची किंमत देऊन उभा केला. स्वराज्य पक्षाकडे त्याचे उत्तर नव्हते. अकोल्याच्या परिषदेने एक उत्तर दिले, पंजाबरावांनी कामातून दुसरे दिले, आणि १९३७ साली काँग्रेसला ते द्यावेच लागले. ज्या माणसाने मताधिकार वाढवण्याच्या समितीवर काम केले, त्याची आठवण केवळ एका निषेधाच्या ठरावातून राहावी, हे वऱ्हाडाला शोभत नाही.

अमरावती-अकोल्याच्या आमदारकीचा इतिहास लिहायला जो कुणी बसेल, त्याला एवढेच सांगणे आहे. सुरुवात मोतीलालजींच्या संतापापासून करू नका. नागपूरच्या कौन्सिलातली १९१७ ते १९२५ ची भाषणे आधी वाचा, वऱ्हाडच्या सभासदांनी शाळा, रस्ते, सारा आणि जंगलावर काय प्रश्न विचारले ते पाहा, आणि मगच श्रीपादराव तांब्यांवर निकाल द्या.